माझा सातवा रकाना

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. पण मागच्या पानावर फुल्या-गोळे खेळायची तुमची वही असते ना, तशी मला समजू नका. मी शाळेची दाखल-खारीज वही. शाळेत मूल आलं की त्याचं नाव माझ्यात चढतं आणि ते शाळा सोडून गेलं की त्याच ओळीच्या शेवटी तारीख पडते. कचेरीतले लोक मला रजिस्टर म्हणतात. म्हणू देत बापडे. हैदराबादेत गौलीगुड्याच्या एका गल्लीत, बसअड्ड्याच्या गोंगाटाला लागून, एक मराठी शाळा आहे. तिथल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात मी राहते. माझ्या पोटात साडेसहा हजार मुलं आहेत. आणि मला आज कबूल केलं पाहिजे की त्यांतल्या कित्येकांबद्दल मी खोटं बोलले आहे.

माझा जन्म छत्ता बाजारात झाला, १९५७ साली. खाजामियाँ नावाचे बाइंडर होते. त्यांनी खळ शिजवताना त्यात मोरचूद टाकलं, म्हणून माझ्या पानाला आजवर कसर लागली नाही. पाठीला लाल कापड, कोपऱ्यांना कातडं, आत बाराशे पानं. रकाने त्यांनी हातानं आखले. अनुक्रमांक, मुलाचं नाव, वडलांचं नाव, धंदा, जात, जन्मतारीख, आणि सातवा रकाना मातृभाषेचा. हा सातवा रकाना बोटभर रुंदीचा आहे, त्याहून जास्त नाही. पुढे सगळा घोळ इथेच झाला.

त्याच्या आदल्या वर्षी मोठी उलथापालथ झाली होती. जुनं हैदराबाद राज्य भाषेच्या हिशेबानं वाटलं गेलं होतं. मराठी जिल्हे एकीकडे गेले, कानडी दुसरीकडे, आणि हैदराबाद शहर तेलुगू राज्यात आलं. गावं गेली, पण शहरात नोकरी-धंद्याला आलेली मराठी माणसं कुठे जाणार? ती इथेच राहिली. कुणी वकील होते, कुणी सरकारी कारकून, कुणी सिकंदराबादेत रेल्वेच्या कारखान्यात. त्यांची मुलं आमच्या शाळेत येत. लक्ष्मणराव हे आमचे मुख्याध्यापक. त्यांचं अक्षर असं की मला माझाच हेवा वाटे. टाक दौतीत बुडवायचे, एकदा झटकायचे आणि सातव्या रकान्यात 'मराठी' असं लिहायचे. त्या वेळी कुणाला विचारावंसुद्धा लागत नव्हतं. पहिली बारा वर्षं माझा सातवा रकाना वरपासून खालपर्यंत एकसारखा आहे. कधी काढून बघा, डोळे निवतील.

मग एकोणसत्तर साल आलं. वेगळं तेलंगण हवं म्हणून सगळं शहर पेटलं. इथल्या नोकऱ्या बाहेरचे लोक घेऊन जातात, हे इथल्या माणसाचं दुखणं होतं आणि ते खोटं नव्हतं. कॉलेजातली तरणीताठी मुलं गोळ्यांना बळी पडली. शाळा महिनोन्महिने बंद होती. भिंतीभिंतीवर मुलकी आणि गैरमुलकी असे दोनच शब्द होते. मुलकी म्हणजे इथला, गैरमुलकी म्हणजे उपरा. खरं तर हा राग मराठी माणसावर नव्हताच. पण दगड सुटला की तो कुणाला नाव विचारत नाही, आणि आपल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शाळा पुन्हा उघडल्यावर, सत्तरच्या जून महिन्यात केशवराव आपल्या मुलीला घेऊन आले. मूळचे देगलूरकडचे शेतकरी, आता लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात फिटर. बरोबर त्यांची बायको जयवंता आणि सहा वर्षांची कुसुम. लक्ष्मणरावांनी टाक उचलला आणि सातव्या रकान्याशी आले, तसे केशवराव पुढे वाकले.

"गुरुजी, तिथं काय लिवता?"

"मराठी. दुसरं काय लिहिणार?"

"नक्को गुरुजी. उद्या कुनी हे काढून दाखवलं तर? पोरगी गैरमुलकी ठरंल. आमचं गाव आता तिकडच्या राज्यात गेलं ना."

"अहो केशवराव, तुमच्याकडं मुलकीचा दाखला आहे. भाषेचा आणि त्याचा संबंध काय?"

"तुमाला ठावं, मला ठावं. दगड मारनाऱ्याला कुठं ठावं?"

लक्ष्मणराव भला माणूस होता. समोरच्या बापाची भीती त्यांना खरी वाटली. त्यांनी टाक दौतीत बुडवला, एकदा झटकला, आणि त्याच सुंदर अक्षरात 'तेलुगू' लिहिलं. जयवंताच्या जिवात जीव आला. ती कुसुमला मराठीतच म्हणाली, "चल गं, गुरुजींच्या पाया पड."

मित्रांनो, असं लिहा म्हणून कोणत्याही सरकारचा हुकूम नव्हता. आंदोलनवाल्यांनी कधी आमच्या शाळेत येऊन वही तपासली नाही. हे आपल्याच माणसांनी आपल्या भीतीनं केलं. त्या दिवशी मागे उभ्या असलेल्या चार बापांनीही तेच लिहायला सांगितलं. पुढच्या वर्षी वीस जणांनी. मग भीती ओसरली, पण रिवाज राहिला. एक कारकून जायचा, दुसरा यायचा आणि जाणारा येणाऱ्याला सांगून जायचा, "सातव्यात तेलुगू टाकायचं. आपल्याकडं तसंच चालतं." का, ते सांगणारा कुणी उरला नाही. एखादाच हट्टी बाप मराठी लिहा म्हणायचा, आणि कारकून त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघायचा.

मी काय करणार? वहीला जीभ नसते. पण खरं सांगू, तेव्हा मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. कारण माझे सोन्याचे दिवस तेव्हाच सुरू झाले. नोकरीत आणि कॉलेजात इथल्या मुलांना जागा राखल्या गेल्या, आणि इथला कोण हे ठरायचं तो कोणत्या शाळेत किती वर्षं शिकला यावरून. त्यासाठी शाळेचं बोनाफाईड लागायचं, आणि बोनाफाईड माझ्याशिवाय निघत नसे! तारनाक्याहून, सिकंदराबादेहून, कुठून कुठून जुनी मुलं माझ्या दाराशी येत. मिशा फुटलेले, टक्कल पडलेले. आपली ओळ सापडली की कुणी माझ्या पानाला हात लावून कपाळाला लावायचा. मी अशी काही फुगले होते, की विचारू नका! सातव्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं, आणि मीही त्याकडे काणाडोळा केला.

कुसुम शिकली आणि अठ्ठ्याऐंशी साली त्याच शाळेत मराठीची शिक्षिका होऊन आली. मुलं तिला बाई म्हणू लागली. कुसुमबाई कडक होत्या. शुद्धलेखन दहादा लिहून घ्यायच्या आणि अकराव्यांदा चूक झाली की स्वतःच हसायच्या. पण वर्गातली मुलं कमी होत चालली. आईबापांना इंग्रजी हवं होतं. पूर्वी जे पान आठ दिवसांत भरायचं त्याला आता अख्खं वर्ष लागायचं. बाराशे पानांची वही असून मी अजून संपले नाही, ती यामुळे. हे दीर्घायुष्य मला कधी गोड वाटलं नाही.

दोन हजार चौदा साली तेलंगण राज्य झालं. आमच्या अंगणातही फटाके वाजले. कुसुमबाईंनी मुलींकडून इथल्या बतुकम्मा सणासाठी फुलं रचून घेतली होती, आणि गाणी त्यांना स्वतःला पाठ होती. चार वर्षांनी नियम आला की राज्यातल्या प्रत्येक शाळेत तेलुगू शिकवलीच पाहिजे. शिक्षकांच्या खोलीत कुरकुर झाली. बाईंनी ती चालू दिली नाही. "ज्या मातीत राहतो तिची भाषा यायला नको? मी शिकवते पोरांना अक्षरं," म्हणाल्या, आणि खरोखर शिकवली. मराठी तेवढी मागच्या बाकावर गेली. पहिल्या तासावरून ती शेवटच्या तासाला आली.

गेल्या वर्षी, हिवाळ्यात, वरच्या कचेरीतून कागद आला. तोवर बाई मुख्याध्यापक झाल्या होत्या आणि त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. कागदात लिहिलं होतं की सहावीपासून पुढे मराठीचा वर्ग चालू ठेवायचा असेल, तर मातृभाषा मराठी असलेली किमान दहा मुलं त्या वर्गात दाखवा. आधार, शाळेचं रजिस्टर. दहा नसतील तर जूनपासून तो तास आणि ती शिक्षकाची जागा, दोन्ही बंद.

बाईंनी कागद वाचला आणि हसल्या. "सहावीत चौदा आहेत. तीन सोडली तर बाकी सगळी आपलीच." त्यांनी कारकून किशोरला मला खाली काढायला सांगितलं. किशोर तसा चांगला मुलगा आहे, पण बॉलपेन असा दाबून लिहितो की माझ्या मागच्या पानालाही कळतं. त्यानं बोट ठेवत ठेवत सातवा रकाना वाचला. मराठी, तेलुगू, तेलुगू, हिंदी, तेलुगू. शेवटी मराठी निघाली फक्त तीन.

बाई उभ्याच राहिल्या. "हे कुणी लिहिलं?"

"मीच की मॅडम," किशोर म्हणाला. "आधीच्या सरांनी सांगितलं होतं, सातव्यात तेलुगू टाक म्हणून. मला वाटलं नियमच आहे."

थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "मॅडम, परेशान होऊ नका. ब्लेडनं खरवडतो आणि वरून मराठी लिहितो. आठच तर नावं आहेत. कोण बघायलंय?"

बाईंनी टेबलावरचं ब्लेड हातात घेतलं. मी उघडी पडले होते. माझ्या पासष्टहून जास्त वर्षांत माझ्यावर कुणी ब्लेड चालवलं नव्हतं, आणि तरीही, मित्रांनो, माझ्या मनात आलं, चालव. एकदाचं खरं तरी होईल. बाईंनी ते कागदात गुंडाळून टोपलीत टाकलं. "एक खाडाखोड सापडली तर साऱ्या वहीवरचा विश्वास उडेल, किशोर. पन्नास वर्षांची बोनाफाईड हिच्या जिवावर दिलीत आपण. आईबापांचे अर्ज घेऊ. चूक सरळ दुरुस्त करून घेऊ."

आठांपैकी सात अर्ज हवे होते. बाई घरोघर गेल्या. अर्ज माझ्या पानांत ठेवायच्या, म्हणून मला कळायचं. पहिला त्रिवेणी नावाच्या, इथेच शिकलेल्या एका आईचा आला, मग एक, मग दोन. एका कुटुंबाचं बिऱ्हाड गाव सोडून चाललं होतं, त्यांनी नाही म्हटलं. सहा झाले आणि सातव्यावर अडलं. तो विक्रम, युवराजचा बाप. त्याला बाईंनी शाळेत बोलावलं. तो त्यांचाच विद्यार्थी.

"बाई, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पन उद्या युवराज नोकरीला उभा राहिला आन् कुनी बोललं, हा मराठी, हा लोकल कसा? मग? खामखा कशाला वाकडं घ्यायचं?"

"विक्रम, लोकल शाळेच्या वर्षांवरून ठरतं. भाषेवरून नाही."

"आज नाही. उद्याचं कोन सांगितलंय?"

चोपन्न वर्षांपूर्वी केशवराव ज्या खुर्चीजवळ उभे होते, तिथंच हा उभा होता आणि जवळजवळ तेच बोलत होता. बाईंनी फार ताणलं नाही. एवढंच विचारलं, "घरी युवराजच्या आजीशी तो काय बोलतो?" विक्रमनं अर्ज पुढे ओढला. "मराठीच बोलतो, बाई. दुसरं तिला येतंच कुठं?" आणि त्यानं सही केली. दहा झाले. प्रत्येक अर्जाखाली बाईंनी मुख्याध्यापक म्हणून स्वतःची साक्ष लिहिली. बाईंनी त्या दिवशी शिक्षकांना चहा पाजला.

फेब्रुवारीत तपासणीला यादगिरी सर आले. केस पिकलेले, शांत माणूस. नव्या राज्याच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आले होते, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी सातही अर्ज वाचले आणि मला पुढ्यात ओढलं.

"मॅडम, नियम है. माँ-बाप इधरीच पढ़े रहे तो उनकी एंट्री भी देखना."

त्यांनी विक्रमचं पान काढलं. तेलुगू. त्रिवेणीचं काढलं. तेलुगू. एकेक करत त्यांनी सगळ्यांचं काढलं, आणि प्रत्येक वेळी मी तेच बोलले. मला पानं मिटून घ्यावीशी वाटत होती. मग त्यांनी चष्मा वर केला.

"इनकी मातृभाषा मराठी है करके आपने लिख के दिया. आप भी इधरीच पढ़े क्या?"

"हो. सत्तर साली दाखल."

त्यांनी ते पान उलटलं. लक्ष्मणरावांचं अक्षर होतं, एक काना इकडचा तिकडे नाही. कुसुम केशवराव. मातृभाषा तेलुगू. बाईंनी आपली ओळ त्यापूर्वी कधी पाहिलीच नव्हती. स्वतःच्या बोनाफाईडवर भाषा नसते ना. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"माझे वडील घाबरले होते, सर," शेवटी त्या म्हणाल्या.

यादगिरी सरांनी वही मिटली नाही. त्या ओळीखाली बोट ठेवून ते म्हणाले, "हमारी तेलुगू पे भी हँसते थे, मॅडम. कॉलेज में, ऑफिस में. ये कैसी गँवार तेलुगू बोलके. इसके वास्ते लड़े हम लोगां. मैं समझता." मग त्यांनी अर्ज एकावर एक रचले. "लेकिन ये फाइल ऊपर जाती. ऊपर वो लोगां पूछते, पचास साल से रजिस्टर एक बोला, और अर्जी एक महीने की. किसको सच मानना? मैं दस्तखत करा तो भी वापस आती. मेरे कू माफ करो."

चांगल्या माणसानं नाही म्हटलं की रागवायलाही जागा राहत नाही. मार्चअखेर उत्तर आलं. सात अर्ज नामंजूर. मुलं तीन. जूनपासून सहावीपासून पुढे मराठीचा तास नाही. किशोरनं तो कागद फाईलला लावला आणि वेळापत्रकाच्या फळ्यावरून शेवटच्या तासाचं नाव ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

जूनमध्ये बाईंच्या नोकरीचे शेवटचे आठ दिवस होते. प्रवेश चालू होते. प्रियदर्शिनी नावाची एक तरुण आई आपल्या ईशाला पहिलीत घालायला आली. किशोर लिहीत लिहीत सातव्या रकान्याशी आला आणि थबकला. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी ईशाला जवळ घेतलं.

"बाळा, घरी काय बोलता तुम्ही?"

ईशानं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं. "मम्मी, काय सांगू? तेलुगू सांगू का मराठी?"

प्रियदर्शिनी ओशाळली. "मॅडम, तेलुगूच लिहा ना. आता तर वर्गबी बंद झाला म्हणे. मराठी लिहून काय फायदा?"

"फायदा काहीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी माझी पानं मागे मागे उलटली आणि आपली ओळ तिला दाखवली. "ही मी. छत्तीस वर्षं मराठी शिकवली. वर्गासाठी साक्ष द्यायची वेळ आली, तेव्हा माझी साक्ष धरली गेली नाही. माझ्या बापानं वाईट केलं नाही गं. तो फक्त घाबरला. तू कुणाला घाबरतेस?"

कुणाला घाबरतोय हे प्रियदर्शिनीला ठाऊकच नव्हतं. बाईंनी किशोरच्या हातातलं पेन घेऊन तिच्या हातात दिलं. "जे खरं ते तूच लिही."

तिनं पेन रकान्यावर टेकवलं आणि तशीच थांबली. मग कानकोंडी होऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी इंग्लिश मीडियमची. बोलता येतं, लिहायला येत नाही. मराठी कसं लिहायचं?"

बाईंनी चिठोऱ्यावर तीन अक्षरं मोठी करून लिहिली. प्रियदर्शिनीनं ती बघून बघून उतरवली. र म्हशीच्या शिंगासारखा वाकडा झाला, ठी रकान्याबाहेर गेली. लक्ष्मणरावांनी पाहिलं असतं तर पट्टी उगारली असती. पण माझ्या बाराशे पानांत इतक्या कष्टानं लिहिलेला दुसरा शब्द नाही. त्यानं वर्ग परत आला नाही. बाई आठ दिवसांनी निवृत्त झाल्या. मी कपाटात आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वह्या आपल्याजवळ आपलं असं काहीच ठेवत नाहीत. तुम्ही सांगाल ते आम्ही धरून बसतो आणि पन्नास वर्षांनी तेच बोलतो. तेव्हा माझ्यावरची धूळ झटका, मला वाळवीपासून वाचवा, हे मी मागणार नाही. मी टिकणारी आहे. एवढंच मागते, की शाळेत नाव घालताना कुणी तुम्हाला विचारलं, बाळा, घरी काय बोलता, तर आधी आईच्या तोंडाकडे पाहू नका. जे बोलता तेच सांगा. तेलुगू असेल तर तेलुगू, उर्दू असेल तर उर्दू, मराठी असेल तर मराठी. आणि तुमच्या आईला लिहिता येत नसेल, तर तिला लिहायला शिकवा.